चांगुणाशी अबोला

तुमच्या पुस्तकासाठी लिहून घेताय तर बाई, आधी हे लिहा की माझं नाव हिरा, जन्म उरणच्या बाजूला खाडीकाठच्या गावात झाला, कोणत्या साली ते आईला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाय, शाळा चौथीपर्यंत झाली आणि त्यातलं वाचायचं तेवढं राहिलं. आमच्याकडं पोरगी दहाची झाली की मिठागरावर जायची. खाऱ्या पाण्याची कोंडी असायची, ऊन लागून त्यात मीठ धरायचं, ते ओढून काढायचं आणि पाटीनं राशीवर नेऊन टाकायचं. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाय, समोर दुसरी बाई लागते, ती उचलू लागते. असं ते काम. माझे पाय बघा, टाचांच्या भेगा अजून बुजल्या नायत.

लग्न करून पनवेलच्या बाजूच्या गावात आले तर तिथंही मिठागरच होतं. दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि चांगुणा आली. ती माझी जाऊ. आल्या दिवसापासून मला बाय म्हणायची. माझ्यासारखीच काळी, माझ्यापेक्षा तोंडाळ. वीसेक वर्षं तिची पाटी मी उचलली आणि माझी तिनं. लोक म्हणायचे बहिणी असतील. बहिणी कुठल्या, बहिणी एवढं भांडत नायत.

एक गोष्ट आत्ताच सांगते, नायतर पुढचं तुम्हाला कळायचं नाय. माझा दिनेश चार महिन्यांचा असताना मला मुदतीचा ताप आला, अंगावरचं दूध गेलं. चांगुणाची पोरगी तेव्हा पाच महिन्यांची होती. तिनं एका अंगाला पोरगी आणि दुसऱ्या अंगाला माझा दिनेश असं दोन महिने पाजलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी बरी झाले तेव्हा दिनेश माझ्याकडं येईना, रडायचा आणि ती हसायची.

मग नवीन शहर आलं, मिठागरं गेली, शेतं गेली, घरं वेगळी झाली. आमी नवीन पनवेलला चौथ्या मजल्यावर, ते कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या अलीकडं. रिक्षानं अर्धा तास लागत नाय. हे ध्यानात ठेवा, लांब नव्हतं. लांब असतं तर म्हटलं असतं लांब होतं म्हणून गेले नाय.

आता माझी चूक. दिनेशच्या लग्नाच्या आधल्या वर्षी चांगुणाचा नवरा, म्हंजे माझा दीर, गेला. हळदीच्या दिवशी मांडव भरलेला, सवाष्णी एकेक करून हळद लावतायत, आणि चांगुणा उठून आली. तिनं वाटीत बोटं घातली. तिला वाटलं असणार, आपण पाजलेलं पोर हाय, आपल्याला कोण अडवणार. मी अडवलं. म्हटलं, चांगुणा, तू हात लावू नको, तू मागं जाऊन बस. मला कुणी शिकवलं नव्हतं बाई, सासू तर केव्हाच गेली होती. माझंच मन भ्यायलं, शुभकार्य हाय, काही वाईट नको व्हायला. आणि बेंजोवाले नेमके तेव्हाच थांबले होते, सगळ्या मांडवानं ऐकलं. तिनं बोटांची हळद पदराला पुसली आणि न जेवता गेली.

तेव्हापासून अबोला. आमच्याकडचा अबोला तुमच्यासारख्यांना ठाऊक नसेल. त्यात येणंजाणं तुटत नाय, लग्नाला यायचं, मयताला यायचं, समोरासमोर पंगतीला बसायचं, फक्त बोलायचं नाय. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं. अकरा वर्षं चाललं.

हळदीनंतर चार वर्षांनी माझा नवरा गेला. चांगुणा आली, दिवस होईपर्यंत रोज आली, माझ्याकडं बघितलं नाय. पण ज्या दिवशी बायका माझ्या हातातल्या बांगड्या फोडायला बसल्या त्या दिवशी ती मधे पडली. म्हणाली, फोडायच्या नाय, काढून ठेवा. हे ती त्यांना म्हणाली, मला नाय. एका म्हातारीनं तोंड उघडलं तर तिला म्हणाली, तुझ्या घरी फोड. माझ्या बांगड्या अख्ख्या काढल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी थोरली, थोरलीनं आधी बोलायचं कसं, हे डोक्यात बसलेलं. नवरा गेलाय, समोर जाऊ बसलीय, आणि मी मोठेपणा धरून बसलेय. मूर्खपणा म्हणतात तो हाच.

मग ह्या फ्लॅटमधले दिवस. दिनेश नऊला जातो, माझी सून सुवर्णा त्याच्या आधी जाते, नातू शाळेतून थेट क्लासला. शेजारचं दार बंद, समोरचं बंद. टीव्हीत बायका नटूनथटून स्वयंपाक करतात ते किती बघणार. सुवर्णा चांगली हाय, तिला दिसलं असेल. तिनं तिचा जुना फोन मला दिला आणि तुमच्या वर्गाला घातलं, ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये, मंगळवार-शुक्रवार. पुढचं तुम्हाला ठाऊक हाय, तुमीच शिकवत होतात. ते चष्म्यावर चष्मा लावणारे काका रोज आपला फोटो काढून बायकोला पाठवायचे आणि बायको बाजूच्या खुर्चीत बसलेली. मी तुम्हाला म्हटलं होतं, हे कसलं शिक्षण. तुमी म्हणालात, हिराबाई, बोट दाबा, तोंड नको.

शिकले. सुवर्णानं आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपमध्ये मला टाकलं. नणंदा, पुतणे, भाचे, त्यांच्या सुना, सगळे. सकाळी फुलं यायची, दिवे यायचे, देव यायचे. मीपण टाकायला लागले. पहिला महिना मजा वाटली, खरं सांगते. मग लक्षात आलं की सगळे विचारतात जेवलात का, आणि उत्तराला कुणी थांबत नाय. एवढी माणसं खिशात आणि दुपार तेवढीच लांब. तुमी वर्गात विचारत होतात ना, फोन आल्यापासून एकटं वाटायचं कमी झालं का, तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. मी नाय केला. तुमी रागावलात थोड्या.

कारण त्या ग्रूपमध्ये चांगुणा होती. तिच्या पोरानं तिला टाकलेलं. ती सकाळी सहाला जास्वंद टाकायची. मी सव्वासहाला दिवा टाकायची. आता फूल टाकलं म्हंजे बोलणं झालं का? मी पुष्कळ विचार केला. नाय होत. ते पंगतीत बसण्यासारखंच. पण ती सहाला उठते हे मला अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि एक दिवस जास्वंद आलं नाय तर मी दहा वाजेपर्यंत चहा घेतला नाय. दहाला आलं. मग स्वतःवरच चिडले. माणूस अर्ध्या तासावर हाय आणि आपण फुलावरून जीव मोजतोय.

लिहायला मला जमत नाय, ती अक्षरं फार बारीक. पण आवाज पाठवायचं तुमी शिकवलं होतंत. दोन दिवस मी मनात म्हणून बघितलं. एका दुपारी घरात कुणी नाय असं बघून बोट दाबून धरलं आणि बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहा. चांगुणा, मी हिरा बोलतेय. दिनेशच्या हळदीला तुला मागं बस म्हटलं ते माझं चुकलं. तू त्याला पाजलंस आणि मी तुझा हात काढला. बाकी काय नाय. जेव.

बोट सोडलं, गेलं. मला हलकं वाटलं. भांडी घासायला घेतली.

पाच मिनिटांत सुवर्णाचा ऑफिसातून फोन. आई, तुमी ते ग्रूपवर टाकलंत. मला आधी कळेचना. मला वाटलं होतं चांगुणाच्या नावावर बोट ठेवलंय, ठेवलं होतं घराण्याच्या ग्रूपवर, तिचं जास्वंद दिसलं तिथंच. म्हंजे नणंदा, भाचे, सुना, सगळ्यांच्या हातात माझी माफी. मग दिनेशचा फोन. तो तापलेला. आई, लोक हसतील, एवढ्या वर्षांनी हे उकरायचं काय कारण, पुसून टाक, अजून पुसता येतंय, तासाभरात पुसलं तर सगळ्यांचं पुसलं जातं. त्यानं फोनवरच सांगितलं कुठं दाबायचं. मला ठाऊक होतं, तुमी शिकवलेलंच होतं.

मी दाबून धरलं. पुसायचं चित्र वर आलं. तिथं थांबले, बाई. मनात आलं, मी तिला मागं बस म्हटलं तेव्हा मांडवभर लोक होते. आणि माफी मागायची म्हटल्यावर मी काय केलं, घरात कुणी नाय असं बघितलं, दार लावलं, आणि हळूच एकटीला पाठवायला निघाले. अपमान चारचौघांत आणि चूक कबूल करायची कानात. ही कसली थोरली. हाताच्या चुकीनं जे झालं ते मला सुचायला हवं होतं. दिनेशला परत फोन केला आणि म्हटलं, नाय पुसत. तो म्हणाला, आई, माझं लग्न होतं ते. मी म्हटलं, होय रे, आणि दूधही तूच प्यायलास. त्यानं फोन ठेवला. फोन मी तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला, तास उलटेपर्यंत हात लावला नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रूपवर एक फूल नाय. देवसुद्धा नाय. सगळे मुके. दुपारी थोरल्या नणंदेनं नुसते जोडलेले हात टाकले. आणि संध्याकाळी खाली बारीक अक्षरात आलं की चांगुणा ग्रूपमधून बाहेर पडली. मी तीनदा वाचलं. म्हटलं, झालं. अबोला तरी होता, आता जास्वंदही गेलं. दिनेशनं ताटावरून उठताना माझ्याकडं बघितलं, बघ म्हणून. तुमच्या वर्गाला मी त्या आठवड्यात आले नाय, तुमी विचारलंत तर गुडघा सांगितला. गुडघा बरा होता.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. चांगुणाचा आवाज, मला एकटीला पाठवलेला. चष्मा नव्हता तरी सापडला. ती म्हणत होती, एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडतेस, मी काय पलीकडच्या बांधावर उभी हाय? मग दुसरा आला. तुझं ऐकून सगळ्या गावाचे मला फोन, माफ कर तिला, माफ कर तिला, म्हणून निघाले मी त्या ग्रूपमधून, मी काय करायचं ते मी बघीन. मग तिसरा. बाय, माफीबिफी मला नको. अकरा वर्षं मी गिळलंय, ते आता तू ऐकायचं. रोज थोडं. मधे बोलायचं नाय.

बाय म्हणाली. ते मी परत लावून ऐकलं.

तेव्हापासून रोज दुपारी तिचं येतं. पहिल्या वर्षापासून सुरुवात केलीय तिनं, क्रमानं. त्या हळदीनंतर घरी जाऊन तिनं काय केलं, माझ्या सुनेचं डोहाळजेवण झालं तेव्हा तिला काय वाटलं, मी कुणाच्या बारशाला कोणती साडी नेसले होते आणि तिच्या समोरून कशी ताठ गेले. तिचं सगळं खरं नाय. अर्धं तिनं मनानं रचलंय. समोर बसलो असतो तर तिसऱ्या वाक्याला मी तोंड उघडलं असतं आणि दोघी परत उठून गेलो असतो. पण फोनातल्या आवाजाला मधेच अडवता येत नाय, तो संपेपर्यंत ऐकावाच लागतो. माझं मी नंतर पाठवते, तेपण तिला संपेपर्यंत ऐकावं लागतं. आमच्यासारख्या तोंडाळ बायकांना हे कुणी आधी दिलं असतं तर बरं झालं असतं.

मधे उरणला एका लग्नात भेटलो. शेजारी शेजारी बसलो, जेवलो, ती म्हणाली भात कच्चा हाय, मी म्हटलं हाय. एवढंच. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला की मी जाडी झालेय. दिनेश तिला न्यायला-सोडायला गेला होता, त्याच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला म्हणे. तो मला सांगत नव्हता, सुवर्णानं सांगितलं.

तर तुमच्या पुस्तकात काय लिहायचं ते लिहा, फोननं म्हातारपण गोड झालं वगैरे. मी तसं सांगणार नाय. ग्रूप मी आताशा बघतच नाय, ती फुलं तिथंच साचतात. दुपार मात्र आता लांब वाटत नाय. एकटेपणा मला दुनियेचा नव्हता, एका बाईचा होता, आणि तिच्याकडं रिक्षा रोज जात होती. फोननं काय केलं तर माझी लबाडी उघडी पाडली. तेवढं श्रेय त्याला द्या.

आता ती सातव्या वर्षावर आलीय. संपल्यावर काय करेल मला ठाऊक नाय, माफ करेल की परत पहिल्यापासून सुरू करेल. मला घाई नाय. दोघींची तब्येत बरी हाय, तिला साखर हाय पण ती ऐकत नाय, भात खाते.

चहा घेतलात ना? तुमचं भलं होवो बाई, हात चांगला हाय तुमचा, भराभर लिहिता. पण आता उठा. हे बघा वाजला फोन, तिचंच आलंय, आणि तिनं मला बजावलंय की बाहेरच्या माणसासमोर लावायचं नाय.