बाळारामच्या हाताची सवय

गाडी बंद पडली म्हणून काय वैतागता? आमचं ऐका. नवीन पनवेलहून माझ्या जुन्या ओमनीनं चिरनेरकडच्या खाडीवर मासे पकडायला गेलो होतो. दिवसभर गळ टाकून एक मासा लागला नाही. निघताना अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटली. मोबाईलला रेंज नाही, आणि भरतीचं पाणी बांधावर चढायला लागलेलं.

सोबत तिथलाच माझा दोस्त बाळाराम. म्हणाला, "पानी येतंय, थांबाचं नाय." त्यानं माझ्या शेजारची सीट उचलली, खालच्या इंजिनाला वायरच्या जागी गळाची तंगुसाची दोरी बांधली आणि तिचं टोक धरून मागं बसला. "तू स्टेरिंग धर, मी खेचतो."

गाडी निघाली की हो! पण खड्डा आला की दोरीला हिसका बसायचा, आणि मासा लागल्यासारखा बाळारामचा हात आपसूक जोरात ओढायचा. ऐन खड्ड्यात गाडी सुसाट!

"अरे, सोड!"

"हाताला सवय हाय रे, सोडवत नाय!"

त्याच्या दारात वहिनी वाट बघत होत्या. "मसाला वाटलाय. काय गावलं?"

बाळाराम लाल झालेली बोटं चोळत म्हणाला, "ओमनी. लय झुंजली, पन आनली खेचून."