पाचवी मंगलाष्टका

माजं नाव शेवंता, ऱ्हाणार लांज्याच्या आतल्या अंगाला, आनि काय सांगू ताई तुमाला, माजी लग्नं किती झाली ते माजं मलाच आठवत नाय. हसू नका, खरं सांगते. बापूस माजा शिमग्यातल्या नमन-खेळ्यात बायकांची कामं करायचा, त्याला लुगडं नेसताना बघत बघत मी मोठी झाले, व्हकल म्हणजे नवरी कशी चालते, मान किती खाली, डोळे किती वर, हे मला आवशीनं नाय शिकवलं, बापसानं शिकवलं. पुढं लुगडं नेसलेला पुरुष लोकांना नको झाला, गावोगावच्या नाटकाला बाई लागायला लागली, तर मी जायला लागले. दिवसा काजूच्या कारखान्यात बी फोडायची आनि पूजेचं नाटक, शिमग्याचं नाटक, जिथनं बोलावणं येईल तिथं जाऊन नवरी व्हायचं. आमच्याकडं नाटकात लग्न नसलं तर लोक बोलतात, हे कसलं नाटक!

खऱ्या लग्नाचं विचाराल तर स्थळं यायची, नाय असं नाय. पोहे खाऊन व्हायचे आनि मग कोनीतरी कानाला लागायचा, ती नाटकात काम करते. गेले ते गेलेच. पुढं मीच सांगितलं आवशीला, आता पोहे भिजवू नको.

तर आमच्या मास्तरांचं सांगते. मास्तर म्हणजे नाटक बसवणारे, शाळेतनं रिटायर झालेले, भारी कडक माणूस. त्यांचा एक नियम होता. स्टेजवरच्या लग्नात मंगलाष्टका चारच म्हणायच्या, पाचवी, ती तदेव लग्नंवाली, जिच्यावर लग्न लागतं, ती म्हणायची नाय, चौथी झाली की पडदा. आनि मंगळसूत्राचा फासा अडकवायचा नाय, नवऱ्यानं मागं नुसता धरून ठेवायचा. मी विचारलं, का हो मास्तर? तर बोलले, शेवंता, खोट्यात खरं शिरू द्यायचं नाय, मागनं निस्तरता येत नाय.

आनि तेच झालं. तीन वर्षं झाली त्याला.

गावदेवीच्या पूजेचं नाटक होतं. नवरा व्हायचा सहदेव, त्याच गावचा, चव्वेचाळीस वर्षांचा, बागा राखतो, सरळ माणूस, पण गावात ऱ्हाणाऱ्याला आता मुलगी देतो कोन? पोरी पयलं विचारतात, मुंबईत खोली हाय काय? त्याची आवस त्यापायी झुरत होती बिचारी. आनि भटजीचं काम करणारा जो होता, त्याला मुंबईत रजा मिळाली नाय. मग कोनीतरी बोललं, कशाला घाबरता, आपले भटकाका हायत की! गावचे खरे भट, सत्तरीचे, त्यांना पाठांतर नको, तालीम नको. सगळ्यांना बरंच वाटलं. मास्तरांनी त्यांना दहा वेळा बजावलं, काका, चौथीला थांबायचं. ते बोलले, हो हो.

अहो, पन्नास वर्षं लग्नं लावलेला माणूस तो, तो कुठं थांबतोय! चौथी झाली, मी पडद्याकडं बघतेय, पडदा हलत नाय, आनि काकांनी पाचवी सुरू केली. खाली अख्खा गाव उभा राहिलेला, बायका डोळे पुसतायत, खऱ्या अक्षता पडतायत आनि मास्तर दोरी हातात धरून तसेच, त्यांना ओढायचं भानच नाय. काकांनी सहदेवाला मंगळसूत्र घालायला लावलं, फासा अडकवायला लावला, माजा हात त्याच्या हातात दिला. आता काजूच्या चिकानं माजे हात नेहमी भाजलेले, काळे, मी ते मेंदीखाली लपवायची. त्यानं तळवा बघितला आनि हळूच बोलला, दुखतंय काय? हे नाटकात नव्हतं ताई. इतक्या नवऱ्यांनी हात धरला माजा, असं कदी कोनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिथं उतरले होते तिथं सहदेवाची आवस दारात. हातात नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. बोलते, चल सूनबाई, घरी चल. मला वाटलं मस्करी. मी बोलले, अगो आये, ते नाटक होतं! ती बोलते, नाटक असेल, पण लावलं भटानं, पाचवी पण म्हटली, मी ऐकलीय. धावत गेले काकांकडं, तर ते शांतपणे बोलतात, मंत्र ते मंत्र, नाटकातले वेगळे नसतात. गाव जमला, मानकरी बोलले, वाद नको, हे लग्न खरं धरायचं काय, देवीला कौल लावू. म्हणजे गुरव देवीच्या दोन खांद्यांना कळे, म्हणजे फुलाच्या कळ्या, लावतो, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाय. आनि ती सांगेल ते झालं, तिच्यापुढं आमच्याकडं कोन जात नाय.

मी चिडले. बोलले, अरे देवीला विचारताय, मला कोन विचारणार? मी नाटकातली बाई, आज हा नवरा, उद्या दुसऱ्या गावात दुसरा, हे खोटं हाय, मला हे मान्य नाय! देवळात सगळ्यांसमोर बोलले मी हे. सहदेव खांबाला टेकून उभा, त्यानं मान खाली घातली.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं, कळे लावले. आनि बघता बघता डावा पडला.

मग माजी सुटका झाली ना, मी मोकळी झाले ना? तर कसलं काय ताई. मलाच धक्का बसला, अगो बाय, तुला तर उजवा हवा होता! आनि तेवा सहदेवानं मान वर करून माज्याकडं बघितलं. समोरचा असा थांबून बघायला लागला की आता वाक्य आपलं, हे नटाला कळतं. आख्खीच्या आख्खी नाटकं पाठ माजी, आनि तेवा एक वाक्य तोंडातनं निघालं नाय. तो थोडा वेळ थांबला आनि बाहेर गेला.

म्हातारीनं तरी माजी ओटी भरलीच. बोलली, आणलेली ओटी परत नेत नायत, सून नाय तर लेक म्हणून घे. त्या बांगड्या माज्याकडं हायत, घातल्या नायत. ती गेली गेल्या वर्षी.

सहदेवाचं अजून झालेलं नाय. नाटकात मात्र तोच नवरा, गावाला तोच आवडतो. यंदा नवरी चिपळूणची हाय, बावीस वर्षांची, गोड पोरगी. मास्तर मला बोलले, शेवंता, आता तुला नवऱ्याच्या आवशीचं काम. मी बोलले, बरं. चौथ्या मंगलाष्टकेला पडदा पडतो, मास्तर आता दोरी ओढायला चुकत नायत. त्याच्या आधी मी अक्षता टाकते आनि त्याच्या डोक्यावर हात ठेवते. माज्या तोंडी तिथं एकच वाक्य हाय, सुखी ऱ्हा रे बाबा. तेवढं काय मला पाठ करायला लागत नाय.