झारी, मॉरिस आणि अख्खं गाव

...आणि लावलं कुठे, तर चहाच्या टेबलासमोर! माणसाएवढं चित्र, त्यात मी, हातात झारी, आणि अंगावर... काहीही नाही हो! बरं, झारी तरी जरा पुढे धरायची! तुम्हाला सांगतो, तेव्हापासून फाटकाची घंटी वाजली की मी आधी शर्टाची बटणं तपासतो.

आमची ऑड्री, म्हणजे बायको, दर उन्हाळ्यात घरात प्रदर्शन भरवते. दिवाणखान्यात चित्रं, बागेत मातीची शिल्पं, आणि मी चहा-केकवर. इथे इंग्लंडात, आमच्या सफकमध्ये, ऊन पडलं रे पडलं की लोक परक्याच्या बागेत घुसायला मोकळे! हिवाळ्यात ऑड्री म्हणाली, "मॉरिस, माझ्यासाठी जरा उभा राहशील? कपडे काढून? तुझी हरकत नसेल तर हं." मी म्हणालो, "अजिबात हरकत नाही!"

हरकत होती! नखशिखांत होती! पण आमच्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत आहे कुठे? अहो, घर पेटलं आणि बंबवाल्यानं विचारलं, "पाणी मारू का?" तर आम्ही म्हणणार, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर!" मग उन्हाळ्यात ती म्हणाली, "प्रदर्शनात लावू?" अजिबात हरकत नाही! "चहासमोर? उजेड छान आहे तिथे." अजिबात...!

आता मला सांगा, अर्ध्या गावाला मी शाळेत भूगोल शिकवलाय. ती सगळी कार्टी आता बायकापोरांसकट येतात, माझ्या हातून चहा घेतात, वळतात, चित्र बघतात, परत मला बघतात... मी आपला किटली छातीशी धरून उभा... आणि म्हणतात काय? "सर, यंदा गुलाब छान फुललेत." गुलाब! एक जण तरी हसा रे! हसले असते तर सुटलो असतो.

पण खरी भीती त्या लाल टिकलीची. चित्र विकलं गेलं की ऑड्री शेजारी लाल टिकली चिकटवते. रोज सकाळी मी देवाचं नाव घेत, एक डोळा मिटून बघायचो. नाही... आज नाही. पण उद्या? दातांच्या डॉक्टरनं घेतलं तर? त्याच्याकडे लोक आधीच घाबरून बसलेले असतात, वर समोर मी! आणि विकलं गेलं नाही तर ऑड्रीचं तोंड बघवायचं नाही. तिचं मोठं चित्र आजवर एकही गेलेलं नाही हो. म्हणजे जाऊ नये म्हणून नवस मी करायचा, आणि संध्याकाळी तिला "जाईल गं" हेही मीच म्हणायचं!

शेवटच्या दिवशी मिसेस थ्रॉवर आल्या. गावच्या सभागृहाच्या अध्यक्षा. चष्मा लावून चित्रासमोर उभ्या राहिल्या... उभ्याच! मी केकसकट पडद्यामागे. पडदा सरकला.

"मॉरिस, मनाला लावून घेऊ नका हं."

"काय?"

"सगळं खपलं, तुम्ही तेवढे राहिलात. गावाला फार वाईट वाटलं हो. कुणी काही बोलत नाही म्हणून तुम्ही किती खचला असाल! मग आम्ही वर्गणी काढली."

"व... वर्गणी?"

"सभागृहात लावतोय. अगदी समोर. तुमची हरकत नाही ना?"

बोलणार होतो! आयुष्यात पहिल्यांदा 'आहे' म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं... इतक्यात दारात ऑड्री दिसली. हातात लाल टिकली, डोळ्यांत पाणी. काय करता, सांगा!

"अजिबात हरकत नाही."

आता मी सभागृहाची पायरी चढत नाही. एकाही बैठकीला जात नाही. पण उपयोग काय? मिसेस थ्रॉवर हजेरी घेतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "मॉरिस आलेत."