बक्षिसाचा कुकर

कोळारच्या कारखान्यापुढच्या थांब्यावर मल्लेश्वरी मन्नाएखेळ्ळीच्या बसची वाट बघत बसली होती. मांडीवर कुकरचं खोकं. नवरा पंचाक्षरी कारखान्यात सुपरवायझर; कारखान्यानं त्याला ते बक्षीस दिलं होतं. त्याची पाळी सुटायची होती, म्हणून तीच घेऊन निघाली होती. शेजारच्या बाकावर तिथलेच आणखी दोन सुपरवायझर बोलत होते. ते तिला ओळखत नव्हते.

"फळ्यावर पंचाक्षरीच्या नावापुढं पुन्हा हिरवा ठिपका, बालाजी."

"महिन्याचा प्लॅन पुरा करायलाय, मिळणारच की."

"आपला प्लॅन आपणच लिहायचा, त्यो एवढुसाच लिहितोय. तेवढे पाइप माझी लाईन हसत काढती."

"मग तूबी बारका लिही की, अमृतप्पा."

"लिहिला की ह्या महिन्यात."

"मग?"

"रोज दुपारीच काम उरकायलं. साहेब म्हणले, तुझी माणसं रिकामी बसल्यात, पंचाक्षरीची लाईन अजून चालू हाय, तिकडं धाड."

"धाडलास?"

"न धाडून सांगतो कुणाला? त्याचा माल प्लॅनच्या दुप्पट झाला. कुकर त्याला."

"तुझाबी प्लॅन पुरा झाला न्हवं?"

"झाला. म्हणून निम्मी माणसं कायमची त्याच्याकडं दिली. आन् घरी बायको इचारायली, तुमालाच कामून न्हाई मिळत?"

"जाऊ दे. बस आली. त्या अक्काच्या खोक्याला हात लाव जरा."

अमृतप्पानं खोकं उचलून बसमध्ये ठेवलं. वरचं चित्र तो जरा वेळ बघत राहिला.

"असलाच पायजे बायकोला. कुठं मिळाला, अक्का?"

"बसवकल्याणच्या बाजारात," मल्लेश्वरी म्हणाली.