पाच डी, पाच जी

नाही नाही नाही, मनीष, तू आधी तो कॉम्प्युटर नीट बघ — चहा नंतर. अरे भिया, मी काही अनपढ माणूस नाही, त्या विमानातल्या सीटांचा नकाशा मला पाठ आहे, आठ दिवस तोच बघून राहिलोय मी — पाच डी आणि पाच जी, मधली जोडी. जयसिंगराव पाच जी, प्रेमलता पाच डी. तूच तर बुक केलंस ना, माझ्यासमोर, याच टेबलावर? मग आज तुझा हा कागद काय म्हणतो? मी पाच जीवरच, आणि माझी बायको सात ए! सात ए म्हणजे दोन ओळी मागे, गल्लीच्या पलीकडे, खिडकीशी एकटी. हे काय आहे? सिस्टिमने केलं? सिस्टिमची काय दुश्मनी आहे आमच्याशी? एकोणचाळीस वर्षांचं लग्न, पहिल्यांदा बिझनेस क्लास, आणि नवरा इकडे, बायको तिकडे — देपालपुरच्या बसमध्येसुद्धा कंडक्टर विचारतो हो, बाबूजी, सोबत आहात का म्हणून. चल, ठीक कर. बसलोय मी.

काय? कोण आली होती? काकू? कोणती काकू — आमची? प्रेमलता? इथे, मल्हारगंजात, एकटी? शक्यच नाही, भिया, तुझी काही गडबड होतेय. ती कशाला येईल? तिला तर बोर्डिंग पास म्हणजे काय ते माहीत नाही — मंगळवारी? मंगळवारी सकाळी? थांब... मंगळवारी ती गणपतीला गेली होती. मला सांगून गेली, बड्या गणपतीला जाऊन येते, गर्दी असेल, उशीर होईल. प्रसाद पण आणला होता. मी खाल्ला तो प्रसाद, मनीष! म्हणजे तिकडून पायी इथवर आली, तुझ्यासमोर बसली, सीट बदलली, आणि घरी येऊन मला लाडू दिला. वा. क्या बात है. आणि तू? तू मला एक फोन नाही केलास? तुझ्या वडिलांपासून आमचं येणंजाणं, आमच्या घरातलं एकूणएक तिकीट या दुकानातून निघालंय, आणि तू घरच्या माणसाला अंधारात ठेवलंस. काकूंनी सांगू नका म्हटलं — अरे, पण तिकिटांचे पैसे तर देवांशने माझ्या नावाने पाठवलेत ना! तिकिटात बापाचं नाव पहिलं आहे! पाठीत सुरा म्हणतात तो हाच, भिया. दुसरा कुठला असतो?

नको, पाणी नको. तू ऐक जरा, तुला कळायला पाहिजे मी त्या सीटांसाठी काय केलंय. देवांशने टोरांटोहून सांगितलं, बाबा, कुठलीही मधली जोडी घ्या, कपलसाठी तीच असते. कुठलीही कशी घ्या? मी एक एक फोटो बघितला. एका ओळीत मधल्या दोन सीटा अगदी चिकटून असतात, आणि त्याच्या मागच्या ओळीत दोघांच्या मधे टेबल — हे लोकांना माहीतच नसतं, घेतात जोडी म्हणून आणि मग चौदा तास बसतात टेबलाच्या दोन बाजूंना, तहसीलदार आणि अर्जदार. म्हणून मी पाचवी ओळ शोधून काढली. हसू नकोस. तुझ्या पिढीला याचं काय! आमच्या घरात नवरा-बायको शेजारी बसायची पद्धतच नव्हती. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, तो थाट आमच्या आईसाहेबांनी जीपमध्ये पण ठेवला — पुरुष पुढे, बायका मागे, पडदा लावून. लग्नाला गेलो तरी मी मांडवाच्या या टोकाला आणि ती त्या टोकाला. बाजूला बसायचं ते फक्त पूजेत. मग चौदा तास, मनीष, चौदा तास ती माझ्या शेजारी बसली असती. पांघरूण घेऊन. मी तिला दाखवणार होतो, हे बटन दाबलं की पाय वर होतात. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं, आणि तिने — मला न विचारता! धोका झाला माझ्याशी. वाईट वाटतंय मला, स्पष्ट सांगतो, फार वाईट वाटतंय.

आणि मी तिला डी दिली होती, ती पण विचार करून. डी म्हणजे माझ्या डाव्या हाताला. आईसाहेबांचा नियम — पूजेला बाई उजवीकडे, बाकी जेवायला, आशीर्वादाला, फोटोला, सगळीकडे डावीकडे. काय? कान? हो, तो माझा डावा कान — काकू म्हणाल्या तुला? नाही, सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात काय. देवांशच्या पहिल्या दिवाळीत कानाशी सुतळी बॉम्ब फुटला, तेव्हापासून डाव्या बाजूने ऐकू येत नाही. म्हणजे... तसं नाही. आता तू घरचा आहेस म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. सहा महिन्यांत बरा झाला होता तो कान. डॉक्टर म्हणाले, बिल्कुल ठीक. मी घरी सांगितलं नाही, इतकंच. अरे, सांगून काय करणार? एका बाजूला आईसाहेब, दुसऱ्या बाजूला ही — सुनेने हे केलं नाही, सासूबाईंनी ते म्हटलं — मी डावा कान पुढे करायचो. दोघी गप्प. कुणाचं मन मोडायला नको, कुणाची बाजू घ्यायला नको. एकत्र घर चालवायचं म्हणजे माणसाला एक तरी कान बंद पाहिजे, भिया. कुणाचं काय वाईट झालं त्यात?

नाही, झालं. एकदा झालं. तू विचारलं नाहीस, पण बघतोस तर तसाच. दसऱ्याचा आदला दिवस होता. आमच्याकडे शस्त्रपूजा मोठी, चाळीस पानं जेवायला, आणि पूजेला बायको शेजारी नसेल तर मला पाटावर बसता येत नाही. मी ओसरीवर तलवार घासत होतो, आणि ती आली, डावीकडे उभी राहिली, हळूच म्हणाली — आईचं काही खरं नाही, देपालपुरहून दादा न्यायला आलाय, जाऊ का? मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. मला वाटलं, एक दिवसाने काय फरक पडतो, पूजा झाली की मी स्वतः घेऊन जाईन, जीपने. मी मान वर केली नाही, घासत राहिलो. आमच्या घरात सून दोनदा विचारत नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि आत गेली. तिचा भाऊ बाहेर चहा पिऊन एकटाच परत गेला. आरतीच्या वेळी फोन आला की तिची आई गेली. आणि मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, अगं, मला सांगायचं तरी! तर ती म्हणाली — सांगितलं होतं हो, माझीच चूक, मी डाव्या बाजूला उभी राहिले. किती वर्षं तेच म्हणायची. कुणी विषय काढला की तेच — मी मेली चुकीच्या बाजूला उभी राहिले. मी तिला... नाही सांगितलं. कसं सांगणार? आज सांगीन, उद्या सांगीन करता करता आईसाहेब गेल्या, देवांश परदेशी गेला, घरात आम्ही दोघंच उरलो. मग तर सांगायला आणखीनच कठीण.

पण त्याचा इथे काय संबंध? ती जुनी गोष्ट झाली, तिला माहीत पण नाही. ही सीटची गोष्ट वेगळी आहे. मला तर वाटतं तिचे कुणीतरी कान भरले — नाहीतर इतकी वर्षं साधी साडी माझ्या पसंतीची नेसणारी बाई एकदम खिडकी कशाला मागेल? तसं ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. देवांशचा फोन चालू होता, तो म्हणत होता, बाबा, सीटा लवकर पक्क्या करा, आणि ही माझ्या बाजूला भाजी निवडत बसली होती, तोंडातल्या तोंडात पुटपुटली — मला खिडकीशी एकटीला दिली तरी चालेल. मी लगेच म्हटलं, खिडकी कशाला? रात्रीचं विमान, बाहेर काय दिसणार, माझ्याजवळ बस. लगेच म्हटलं बरं का, तिथल्या तिथे, विषय संपवला. मग भाजी पण निवडली नाही तिने पुढे, हात तसेच ठेवून बसली होती, माझ्याकडे बघत. मला वाटलं, लाजली. या वयात नवरा म्हणतो जवळ बस, तर लाजली असेल. फोन माझ्या या हातात होता, म्हणजे या उजव्या कानाला, देवांशचा आवाज इकडे, आणि ती...

ती डावीकडे होती.

नाही, काही नाही. जरा गरम होतंय इथे. मनीष, मंगळवारी ती आली तेव्हा काही म्हणाली का? कारण काही सांगितलं? नाही? नुसती सीट बदलून मागितली? रडली-बिडली नाही ना? बरं. हसत होती म्हणतोस. तुझ्या मुलीला लाडू दिला. बरं, बरं.

हो, ऐकलं मी, दोनदा नको विचारूस. पाच डी अजून रिकामी आहे, एक बटन दाबलं की ती परत माझ्या शेजारी येते, कळलं. तिची सही पण लागत नाही. नको. हात काढ त्याच्यावरून. राहू दे तिला सात एमध्ये, आणि पाच डीवर ज्याला बसायचं त्याला बसू दे. दे तो कागद इकडे, आणि तू पण ऊठ आता, जेवायची वेळ झाली — दुकान बंद कर.