सही माझीच होती

माझं नाव लक्षी, आमी वारली, आमचा पाडा तलासरीच्या अंगाला, हायवे सोडला का आत अर्धा तास चालायचं. माझी आयस नी बास दोघंही मजुरीवाले, पावसात आपला भात, पाऊस सरला का गवत कापायला जायचे, नी मंग डहाणूकडं चिकूच्या वाडीत. मी पण आयसबरोबर वाडीत जायची, चिकू धुवायला, हाताला चीक लागायचा तो आठ-आठ दिवस निघत नाय. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली, पुढं कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेतलं, नी बावीस वर्षं पाड्यात बालवाडी चालवली. आजही मोठमोठे बाप्ये मला बाई बोलतात, त्यांची नाकं मी पुसलेली हायत.

मला मराठी लिवता येतं, म्हणून वनहक्काचे दावे आले तवा अख्ख्या पाड्याचे अर्ज मी भरले. त्यावरनं मुंबईची ती संस्था माझ्यापर्यंत आली. माणसाच्या हक्कांचं काम करते ती. त्यांची बाई बोलली, लक्षीताई, आमच्या संचालक मंडळावर एकही आदिवासी नाय, तुमी या, पगार नाय पण मान हाय. मी खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो बोलला, ते तुझं ऐकतील का? मी बोलली, ऐकायलाच बोलवलंय ना.

काय सांगू तुमाला, बाय. ती मीटिंग म्हणजे थंडगार हॉल, मोठं टेबल, नी सगळं बोलणं इंग्रजीत. मधीच कोणीतरी मराठीत बोलणार, ताई, तुमचा अनुभव सांगा, पाच मिनिटं. मी सांगायची, ते टाळ्या वाजवायचे, मंग पुन्हा इंग्रजी. फोटोच्या वेळेला मला मधी उभी करायचे. एकदा फोन करून सांगितलं, ताई, येताना तुमच्या पद्धतीचं लुगडं नेसून या, पाहुणे येणार हायत. नी मी नेसून गेली. तवा मला त्यात काय वाटलं नाय, आता आठवलं का अंगावर पाल पडल्यासारखं होतं. शेवटी इंग्रजी कागद यायचे, खाली बोट ठेवायचे, ताई इथं सही. मी सही करायची. सगळे करतात, शिकलेली माणसं हायत, वाईट कशाला लिवतील.

मंग ती भिंत झाली. आमच्या पाड्याकडनं नदीवर मसणात जायची वाट हाय, माझ्या सासऱ्याच्या आज्याच्या वेळची. तिच्या दोन्ही अंगाची जमीन मुंबईच्या एका माणसानं घेतली, बंगला बांधला, नी वाटेवरनंच भिंत घातली. नी त्याच भादव्यात माझे मोठे दीर गेले. त्यांची बायको रखमी, माझी जाव, आमी दोघी एकाच वर्षी या घरात आलेल्या. तिरडी घेऊन माणसं भिंतीशी गेली, वॉचमन बोलला, गेट नाय उघडता येत, मालकाला विचारावं लागंल, नी मालक फोन उचलंना. मंग काय करणार, फिरवली तिरडी. हायवेच्या कडेकडेनं नेली, ट्रक हॉर्न मारत चाललेले, चिखल उडून मेलेल्या माणसाच्या अंगावर. रखमी पाठीमागनं चालत होती, ती रडत नव्हती, नुसती पदरानं तो चिखल पुसायला बघत होती, नी दुसरा ट्रक जायचा.

मी संस्थेला फोन केला. त्यांची दोन माणसं आली, फोटो काढले, रखमीला विचारलं तुमाला कसं वाटलं. तहसीलदारांना पत्र पण लिवलं, मला बरं वाटलं, मी घरात बोलली, बघा, मंडळावर असल्याचा उपयोग झाला. मंग चार महिने कायच नाय. शेवटी मी नी रखमी तहसील कचेरीत गेलो, पत्राचं काय झालं विचारायला. तिथल्या क्लार्कनं फाईल काढली, बोलला, मावशी, तुमच्या संस्थेनं तक्रार मागं घेतली, विषय गावातच मिटला असं लिवलंय, आदिवासी संचालकांची संमती हाय, ही बघा सही.

सही माझीच होती.

रखमीनं मला एकच विचारलं, तू लिवून दिलंस? मी बोलली, मला ठावं नव्हतं. ती बोलली, तू तर आमाला शिकवतेस, वाचल्याबिगर अंगठा देऊ नका. नी ती एकटीच रिक्षात बसून गेली.

वॉचमन बाजूच्याच पाड्याचा. संस्थेच्या पुस्तकावर माझा नी तिथल्या अध्यक्षबाईंचा फोटो होता, तो मी त्याला दाखवला, बोलली, तक्रार मागं का घेतली कळंना, ह्यांच्यातलं कोणी बंगल्यावर येतं का? त्यानं ओळखलं, बोलला, ह्या तर सुट्टीला इथंच येतात, मालकाची बायको ह्यांची बहीण. मला किळस आली. त्यांची तर आलीच, माझ्या या हाताची पण आली, जेवायला बसली तर घास उचलवंना.

पुढच्या मीटिंगला मी गेली, घरात वापरते ते लुगडं नेसून. बोलली, आज माझा अनुभव नको, तो कागद मला मराठीत वाचून दाखवा. एक म्हातारे वकील होते, ते मोबाईल बघायला लागले. अध्यक्षबाई गोड बोलतात, बोलल्या, लक्षीताई, भावनेच्या भरात नको, ही प्रक्रिया असते, तुमी थकला असाल तर राजीनामा द्या, आमी सन्मानानं निरोप देऊ. मी बोलली, मेलेल्या माणसावर चिखल उडाला, नी तुमी माझ्या नावानं लिवलंत, विषय मिटला. मला ओकारी येते इथं. मीटिंगची वही ओढली नी मराठीत लिवलं, ही सही मला वाचून न दाखवता घेतली, वाटेचा विषय मिटलेला नाय, बंगला अध्यक्षांच्या बहिणीचा हाय. कोणी अडवलं नाय, अडवायला पण हात लावावा लागतो ना. पानाचा फोटो काढला नी दुसऱ्या दिवशी तहसीलला नवीन अर्जाबरोबर जोडला.

वर्ष गेलं त्यात. पंचनामा झाला, जुन्या नकाशात वाट निघाली, त्यांना भिंत फोडायला लागली. फोडली पण किती, एक माणूस जाईल इतकी. तिरडीचे चार खांदेकरी नीट जात नाय, आडवं होऊन सरकावं लागतं. तरी हायवे सुटला.

मी राजीनामा दिला नाय. मला जायचं नव्हतं असं नाय, पण मी गेली तर ते दुसरी लक्षी आणतील, तिला लुगडं नेसवतील. आता प्रत्येक कागद मराठीत वाचून घेते, मीटिंग दोन तास लांबते, ते घड्याळ बघतात, बघू दे. अध्यक्षबाई तिथंच हायत, मला नमस्कार करतात. त्यांचा चहा मी घेत नाय.

रखमी माझ्याशी बोलत नाय. पाण्याला जाताना माझ्या दारावरनं जाते, मान वळवत नाय. तिचं बरोबर हाय. मी तिच्या जागी असती तर मी पण नसती बोलली. तिचे गुडघे दुखतात आता, सूनबाई चांगली मिळाली, सांभाळते तिला. देव तिला सुखाचं ठेवो, एवढंच मागते. मला माफ करावं असं मी तिला सांगितलं नाय, सांगणार पण नाय.