चाकूरचा आकडा

...न्हाई, तुम्हीच सांगा, माणसानं दाढी करावी का न्हाई? अर्ध्या गालाला फेस, वस्तरा हातात, अन् खिशातला फोन थरथरला, की संपलं! चाकूरला आईनं मिक्सर लावला, अन् इकडं नांदेडात माझा गाल कापला! आकडा हलला, की मी हललोच!

आता हे खूळ कुणाचं? तर आमच्या सुकन्याचं. बायको हो माझी, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरात वीज किती जळते ते दाखवणारं एक यंत्र आणलं होतं आम्ही. मेन वायरीला चिमटा लावायचा, डबीवर आकडा बघायचा. बघितला, एसी बंद केला, उकडायला लागलं, एसी चालू केला, यंत्र गेलं माळ्यावर! पण हिच्या हाताला चैन हाय का? उचकटलं, सोल्डर केलं, आत कसली तरी चिप बसवली अन् म्हणते, "अहो, हे चाकूरला तुमच्या आईच्या, आत्याबाईंच्या घरी लावू. एकट्या असतात, फोन उचलत न्हाईत, तुम्ही तळमळता. पंखा लागला, मोटार लागली, सगळं तुमच्या फोनवर समजंल. जिवाला घोर न्हाई." घोर न्हाई म्हणे!

तुम्हाला सांगतो, पूर्वी मी आईची काळजी सकाळ-संध्याकाळ करायचो, आता सेकंदाला करून राहिलो! पंखा बंद झाला? का झाला? हिला उकडत न्हाई का? इस्त्री लागली? कुठं निघाली ही? अन् इस्त्री तशीच ठेवून निघाली तर?... हापिसात एकजण कानाशी येऊन म्हणतो, "बालाजीराव, मटक्याचा नाद कवापासून?" काय सांगू त्याला? आकडा हलला, की मी हललोच!

अन् त्या रविवारी... आकडा हललाच न्हाई. शून्य! अहो, फ्रिज तरी चालतो का न्हाई घरात? लाईट गेली असती तर यंत्रानं तसं वेगळं कळवलं असतं, ती सोय हिनं केलीया. लाईट हाय, अन् शून्य! आईला फोन लावतो, उचलत न्हाई. शेजारच्या गुरम्माला लावतो, तर ती उदगीरला लग्नात, म्हणते, "थांब रे, अक्षता पडून राहिल्यात!" थांब? काढली गाडी! लोहा कवा गेलं, अहमदपूर कवा गेलं, पत्ता न्हाई. सुकन्या बाजूला बसून आईला फोन लावून राहिली. खोटं कशाला सांगू, रडत होतो मी... आईशी शेवटचं काय बोललो, तेच आठवंना.

दार ढकललं, तर आई निवांत पापड लाटत बसलेली! "आलास का बाला?"

"आई, आकडा शून्य का?"

"मला काय माहीत बाबा? जळमटं झाडताना तो चिमटा निसटला, मी लावला की परत."

सुकन्यानं बोर्डाकडं बघितलं अन् कपाळाला हात लावला. चिमट्यात एकच तार धरायची असते, आईनं दोन्ही कोंबल्या! वर म्हणते, "एकीला धरायचं अन् दुसरीला सोडायचं, बरं दिसतं का?"

"आत्याबाई," सुकन्या समजावते, "एका तारेतनं करंट जातो, दुसरीतनं परत येतो. दोन्ही संगं धरल्या, की वजाबाकी होऊन शून्य."

आईनं नीट ऐकून घेतलं. मग हळूच, "म्हंजे दोन्ही धरल्या, की येतंय?"

"हाव, शून्य येतं."

"शून्याचं कोण इचारलं गं? बाला येतो ना?"

तवापासून रविवार उजाडला, की शून्य! मला ठाऊक असतंय, ठणठणीत हाय ती. चिडतो, ओरडतो, "आज जात न्हाई म्हंजे न्हाई!"... अन् चपला घालतो. एखादं शून्य खरं निघालं तर?

परवा म्हणलं, "आई, नुसता एक फोन कर की, येतो मी." तर म्हणते कशी, "फोनवर तू 'जेवलीस का' इचारतोस अन् ठिवतोस. त्याच्यापरीस हे यंत्र बरं... दोन तारा दिल्या, की जेवायलाच येतोस!"